फोटो आहे तसा मिळेल

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. अख्खं गाव त्यांना हनुवटीकाका म्हणायचं. स्टुलावर कुणीही बसो, शाळामास्तर असो की लग्न ठरलेली पोर, काका कॅमेऱ्यामागून उठून यायचे, उजव्या हाताचं एक बोट त्या माणसाच्या हनुवटीवर ठेवायचे आणि ती सूतभर खाली घ्यायचे. "हनुवटी खाली. खांदे सोडा. श्वास सोडा, जीव सोडू नका." हा विनोद त्यांनी चौतीस वर्षं केला होता आणि चौतीस वर्षं त्यावर आधी स्वतःच हसले होते.

त्यांच्या दुकानाचं नाव झालं होतं ते मात्र हनुवटीमुळे नाही. काका पुसून द्यायचे. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकानं, मग दोन केसांच्या ब्रशानं, आणि कॉम्प्युटर आल्यावर माउसच्या टिचकीनं. मुरमं, चामखीळ, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं बिनबोभाट नाहीसं व्हायचं. "देवानं घाईत उरकलेलं काम मी निवांत पुरं करतो," असं ते म्हणायचे. गावातली कितीतरी लग्नं या टिचकीवर जमली होती आणि लग्नानंतर कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं, कारण जोडीदाराचाही फोटो काकांकडेच काढलेला असायचा.

पासपोर्टच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. स्टुलासमोरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'पासपोर्टचा फोटो आहे तसा मिळेल. वाद घालू नये.' एका बड्या साहेबांनी गालावरच्या चामखिळीसाठी अर्धा तास मनधरणी केली, काका बधले नाहीत. आणि फोटोंच्या पाकिटाबरोबर प्रत्येकाला फुकट सल्ला द्यायचे: "परदेशात पासपोर्ट जिवाशी बांधून ठेवायचा. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

तर अशा माणसाचा पासपोर्ट परदेशात, भरदिवसा, बाकावरून गेला.

लेक-जावयाकडे तीन आठवडे राहायला म्हणून काका-काकू गेले होते. मंगळवारची सकाळ. दोघं चौकातल्या कारंज्याशी ऊन खात बसलेली. तेवढ्यात एक सहा जणांचं कुटुंब समोर आलं आणि त्यांच्यातल्या बापानं आपला फोन काकांपुढे धरून खुणेनं विचारलं, आमचा एक फोटो काढता का? दुसरा कुणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. काकांनी आधी त्या सहा जणांना उंचीनुसार लावलं. मग आजोबांना मधे घेतलं. मग ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून सगळ्या कुटुंबाला उचलून कारंज्याच्या पलीकडे नेलं. भाषा येत नव्हती, पण बोट होतं. सहाच्या सहा हनुवट्या खाली करून झाल्यावर त्यांनी फोटो काढला. काकू तोवर चार पावलांवर कबुतरांना दाणे टाकत उभ्या होत्या. परत येऊन बघतात तर बाकावरची कॅमेऱ्याची पिशवी उघडी, आणि आतलं पासपोर्टचं पाकीट गायब.

कॅमेरा होता. चोरानं तो काढून बाकावर ठेवला होता, त्याखालचं पाकीट घेतलं होतं आणि कॅमेरा तसाच सोडून दिला होता.

"बघा," काकू म्हणाल्या, "चोरानंसुद्धा नाक मुरडलं."

"अगं, पासपोर्ट गेलाय माझा."

"तेच म्हणते. माझा बघा." त्यांनी पदराआड पोटाशी बांधलेली कापडी पिशवी थोपटली. "एक फोटोवाला सांगायचा, जिवाशी बांधून ठेवा म्हणून. मी आपली बांधली."

काकांनी कॅमेरा उचलून पिशवीत घातला. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला कुठं बोलायचं आणि कुठं नाही एवढं कळतं.

शुक्रवारी संध्याकाळचं परतीचं विमान होतं आणि ते चुकवून भागणार नव्हतं. कारण आक्का. काकांची ही थोरली बहीण, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना कडेवर वागवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. भिंत धरून चालायची, आणि आवाजावरून माणूस ओळखून त्याला शिवी कोणती द्यायची ते ठरवायची. ऑपरेशनची तारीख तिनं दोनदा मोडली होती, दोन्ही वेळा भीतीनं, आणि दोन्ही वेळा दोष दुसऱ्या कुणाला तरी दिला होता. डॉक्टर बाहेरगावचे, दोन महिन्यांतून एकदा यायचे. या खेपेला त्यांनी साफ सांगितलं होतं: सोमवारी नाही केलं तर डोळा वाचेल याची हमी मी देणार नाही. आणि आक्कानंही साफ सांगितलं होतं: भाऊ दारापर्यंत हात धरून आणेल आणि बाहेर उभा असेल तरच टेबलावर चढेन. "पट्टी सोडली की पहिलं तुझंच थोबाड बघायचंय मला. दुसरं कुणी पुढं आलं तर डोळे मिटून घेईन."

असं हे सगळं शुक्रवारच्या विमानावर येऊन टेकलं होतं.

पोलिसांचा कागद त्याच दुपारी जावयानं मिळवून दिला. बुधवारी सकाळी काका आपल्या वकिलातीत हजर. लांबट खोली, मधे काच, काचेला बोलण्यापुरती भोकं, भिंतीशी प्लास्टिकच्या जोडखुर्च्या. टोकन घेऊन बसलेले काका आजूबाजूच्या लोकांच्या हातातले फोटो चोरून बघत होते. "त्याचा मागचा पडदा पिवळट आलाय, परत पाठवतील," त्यांनी काकूंच्या कानात सांगितलं. "आणि त्या बाईंच्या चष्म्यावर चमक आहे. बघच तू." त्यांचे स्वतःचे फोटो खिशात तयार होते. सकाळी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीपुढे स्वतः उभं राहून, कॅमेरा लेकीच्या हातात देऊन, तिला सतरा सूचना करून त्यांनी ते काढवून घेतले होते, आणि मग छापण्याआधी जावयाच्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटं एकटेच बसले होते.

काचेपलीकडच्या बाई आपल्याच भाषेत बोलणाऱ्या निघाल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, पुढ्यात चहाचा गार झालेला कप. त्यांनी अर्ज वाचला, पोलिसांचा कागद वाचला, लेकीनं जपून ठेवलेली पासपोर्टची झेरॉक्स पाहिली आणि मग काकांकडे पाहिलं. परत झेरॉक्सकडे. कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं, त्यात पाहिलं, परत काकांकडे.

"हे तुमचे धाकटे भाऊ का?"

"मीच आहे तो," काका म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचा."

"नऊ वर्षांत एवढं?" बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "बरं, वय राहू द्या. तुमच्या अर्जात ओळखीची खूण लिहिलीय, डाव्या भुवईवर जुना व्रण. तुमच्या भुवईवर व्रण आहे. पासपोर्टच्या फोटोत नाही. आमच्या नोंदीतही तोच फोटो, तिथंही नाही. व्रण नंतर झाला म्हणावं, तर अर्जात तो लहानपणचा लिहिलाय. मग फोटोतला हा माणूस कोण?"

काकूंनी हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकतीस वर्षांची ओळख होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुसलात की काय?"

पुसला होता. नऊ वर्षांपूर्वी, दुपारी दुकान रिकामं असताना, काकांनी स्वतःचा पासपोर्टचा फोटो टायमर लावून काढला, पडद्यावर मोठा केला आणि बघत बसले. समोरच पाटी होती. पाटीकडे पाठ करून बसावं म्हणून त्यांनी खुर्ची फिरवली. आधी फक्त व्रण घालवला. व्रण गेल्यावर डोळ्यांखालच्या पिशव्या उठून दिसायला लागल्या, त्या कमी केल्या. मग कान जरा जवळ घेतले. मग गळ्याचं लोंबणं. केस काळे करताना त्यांनी हात आवरता घेतला, पण कानशिलावरचे चारदोन काळे झालेच. चौतीस वर्षांत दुकानात नेम मोडला तो एवढा एकदाच, आणि ज्याच्यासाठी मोडला तो माणूस आता काचेसमोर उभा होता.

"जुना एखादा फोटो दाखवा, व्रण दिसणारा," बाई म्हणाल्या. "पासपोर्टच्या फोटोच्याच सुमाराचा. आजचा नको."

"बाई, हे माझे यजमान आहेत, मी ओळखते," काकू म्हणाल्या. "घोरण्यावरून अंधारातसुद्धा ओळखेन."

"घोरण्याला रकाना नाही हो," बाई म्हणाल्या. तेवढंच त्या हसल्या. "आणि हे आज आणलेले फोटो कुणी काढले?"

"लेकीनं," काका म्हणाले.

बाईंनी फोटो उजेडाकडे धरला. "व्रण यातही नाहीये."

जावयाच्या कॉम्प्युटरवरची पाच मिनिटं काकांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी मनापासून ठरवलं होतं, या वेळी काही करायचं नाही. हातानं परस्पर केलं होतं.

"अहो, काय म्हणावं तुम्हाला," काकू म्हणाल्या, आणि खरंच काही म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

जुन्या फोटोचा शोध सुरू झाला. लेकीनं घरातला अल्बम धुंडाळला, फोन धुंडाळले. दुपारपर्यंत एक गोष्ट स्वच्छ झाली: काका कुठल्याच फोटोत नव्हते. लेकीच्या लग्नाच्या नऊशे फोटोंत बापाची सावली एकदा मांडवाच्या खांबावर पडली होती, तेवढीच. ते कायम कॅमेऱ्यामागे. आणि जिथं पुढे होते, वाहनाच्या परवान्यावर, मतदानाच्या ओळखपत्रावर, दुकानदारांच्या संघटनेच्या वहीत, तिथं भुवई लोण्यासारखी गुळगुळीत.

"दुकानातल्या कॉम्प्युटरवर मूळ फोटो असेल ना, बाबा?" लेकीनं विचारलं.

"मूळ ठेवत नाही मी," काका म्हणाले. "लोकांना नको असतं ते, ठेवून काय करायचं?"

संध्याकाळी आक्काला फोन लावावाच लागला. काकांनी आधी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं.

"मुद्द्याचं बोल," आक्का म्हणाली. "सोमवारी येतोयस ना?"

काकांनी सांगितलं. पासपोर्ट, कारंजं, काचेपलीकडच्या बाई, व्रण. मागे शेजारच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता. आक्का दिवसभर त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळख पटवत.

"म्हणजे मी केलेली खूण तू सरकारदरबारातून पुसून टाकलीस," सगळं ऐकून ती म्हणाली.

खूण तिचीच होती. काका दीड वर्षांचे आणि आक्का साडेअकराची असताना ती त्यांना कडेवर घेऊन पळत सुटली, उंबऱ्याला अडखळली आणि हा गोळा डोक्यावर आपटला. त्या दिवशी आक्कानं खाल्लेला मार अजून तिच्या बोलण्यात ताजा होता.

"आक्का, तुझं बरोबर आहे. पण आता—"

"पत्र्याचा डबा," आक्का म्हणाली.

"काय?"

"माझा पत्र्याचा डबा. तू तेव्हा दोन फोटो छापून आणलेस आणि विचारलंस, कुठला बरा दिसतो. तेव्हा दिसायचं मला चांगलं. पुसलेला तू नेलास. दुसरा टाकायला निघालास तर मी काढून घेतला. म्हटलं, हा माझा भाऊ, तो कोण सिनेमातला आहे तो तुझ्याकडे राहू दे. विसरलास?"

काका विसरले होते. मागच्या नऊ वर्षांत तो गुळगुळीत फोटोच आपला खरा, असं त्यांचं त्यांनाच पटलं होतं.

"कानातल्यांच्या पुडीखाली आहे. ए शिंपीदादा, जरा मशीन थांबव. वर चल माझ्याबरोबर आणि तो फोन घे तुझा."

पुढची वीस मिनिटं काकांनी लेकीच्या स्वयंपाकघरात चकरा मारत काढली. फोन चालूच होता. जिना चढताना आक्काचा दम, कुलपाची खडखड, डबा उघडल्याचा आवाज, मग आक्का बोटांनी एकेक वस्तू चाचपत नावं घेत होती: पुडी, डबी, आईच्या बांगडीचा तुकडा. "हा. गुळगुळीत कागद. बघ रे शिंपीदादा, भुवईवर रेघ आहे का?"

"आहे की, आक्का. आणि कान केवढे."

"मग तोच."

फोन टुणटुणला. फोटो आला. तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट, तीच कॉलरची एक बाजू किंचित मुडपलेली, डाव्या कानामागे पडलेली तीच सावली. आणि भुवई दुभंगून गेलेली पांढरट रेघ, पिशव्या, कान. मागच्या बाजूचाही फोटो शिंप्यानं आठवणीनं पाठवला होता: दुकानाचा शिक्का, तारीख.

गुरुवारी काचेपलीकडच्या बाईंनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. कॉलर मोजली, सावली मोजली. आत जाऊन वरिष्ठांना दाखवून आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कोरा कागद होता.

"लिहून द्यावं लागेल. स्वतःच्या हातानं. काय केलं, कुणी केलं, का केलं."

काका खुर्चीवर बसून लिहायला लागले. काकू खांद्यावरून वाचत होत्या.

"'तांत्रिक कारणास्तव' काय लिहिताय?" त्या म्हणाल्या. "कसलं तंत्र? हौस म्हणून लिहा."

"अगं, सरकारी कागद आहे."

"म्हणूनच खरं लिहा. 'मी स्वतः फोटोग्राफर असून, मला नियम ठाऊक असून, बरा दिसावा म्हणून.' लिहा. 'बरा'वर अनुस्वार नाही हो."

बाईंनी तो कागद वाचला. वाचताना ओठ आवळून धरले होते. "ठीक आहे. आता नवे फोटो. तुम्ही काढलेले चालणार नाहीत, तुमच्या घरच्यांनी काढलेलेही नाहीत. कोपऱ्यावर दुकान आहे, तिथून आणा. तासाभरात आणलेत तर उद्या दुपारी एकवेळच्या प्रवासाचा कागद मिळेल."

कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे काकांचंच दुकान, फक्त दुसऱ्या भाषेतलं. तेच गिरकी घेणारं स्टूल, तीच दिव्यापुढची उलटी पांढरी छत्री, काचेखाली लावलेले पोरांचे दात काढलेले फोटो. फोटोवाली साठीची, जाडजूड, गळ्यात चष्म्याची दोरी. काका स्टुलावर बसले आणि त्यांना कळेना हात कुठं ठेवायचे. हजारो माणसांना त्यांनी सांगितलं होतं, मांडीवर ठेवा. आता मांड्याच परक्या वाटत होत्या.

बाई कॅमेऱ्यामागून उठली, जवळ आली आणि एक बोट काकांच्या हनुवटीवर ठेवून ती सूतभर खाली घेतली.

काकूंना हसू आवरेना. त्या तोंडावर पदर धरून दाराशी गेल्या. काकांनाही हसू फुटलं, तर फोटोवालीनं बोट हलवून दटावलं. मग त्यांनी श्वास सोडला.

फोटो पडद्यावर आला. काकांनी उठून पाहिला. मग पडद्यावर डोळ्यांखाली बोट फिरवून, भुवया उंचावून, फोटोवालीकडे असं काही लाडीगोडीनं बघितलं की धंद्यातल्या माणसाला भाषेची गरज पडू नये. तिला पडली नाही. तिनं मान हलवली, नाही, आणि भिंतीवरच्या एका पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर काय लिहिलंय ते काकांना वाचता येत नव्हतं. कळलं मात्र.

"हा कोण?" हातात फोटो आल्यावर ते काकूंना म्हणाले.

"हाच रोज घरी जेवायला असतो," काकू म्हणाल्या. "मला बरा वाटतो."

शुक्रवारी दुपारी कागद मिळाला. काकांनी तो कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवायला घेतला तसा काकूंनी काढून घेतला आणि पोटाशी बांधला. विमानतळावर, विमानात चढताना, उतरल्यावर, जिथं जिथं तो दाखवायचा होता तिथं काकांना हात पसरून बायकोकडे मागावा लागला, आणि प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, "परत द्या."

सोमवारी आक्का टेबलावर चढली. दरवाजा बंद होईपर्यंत तिनं काकांचा हात असा धरला होता की बोटांची नखं पांढरी पडली. मंगळवारी सकाळी पट्टी सुटली. डॉक्टर बाजूला झाले, नर्सला काकूंनी बाजूला केलं, आणि काका पुढं येऊन उभे राहिले.

आक्कानं डोळा उघडला, मिटला, परत उघडला.

"एवढा म्हातारा कधी झालास रे?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

तिनं हात वर करून त्यांच्या भुवईवर अंगठा फिरवला. "आहे," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला. डोळ्याला पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मग तिनं काकांना दोन शिव्या हासडल्या.

महिन्यानं पेन्शनच्या कागदासाठी आक्काला फोटो हवा झाला. ती दुकानात आली ती भिंत न धरता, वाटेत तीन बायकांच्या साड्यांना नावं ठेवून. स्टुलावर बसली. काकांनी हनुवटी खाली घेतली, बटण दाबलं आणि फोटो पडद्यावर मोठा केला.

आक्का उठून पडद्याजवळ गेली. आपला चेहरा असा जवळून, उजेडात, तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गालावरून, गळ्यावरून, कपाळावरून तिची नजर सावकाश फिरली.

"छापतो," काका म्हणाले. "आहे तसा."

"सगळं नको," आक्का म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "पण हे डोळ्यांखालचं तेवढं... जरा पुसता आलं तर बघ."

काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग स्टुलासमोरच्या पाटीकडे बोट केलं.

आक्कानं पाटीकडे बघितलं. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत, शेवटपर्यंत वाचली.

"पासपोर्टचा, लिहिलंय त्यावर," ती म्हणाली. "आता वाचता येतं मला. माझा कुठं पासपोर्टचा आहे?"

काकांनी खुर्ची परत फिरवली आणि माउस हातात घेतला.